मागच्या दाराची भाकरी

लाइट गेली की आमच्या कॉलनीत तास-दीड तास तरी येत नाही, तेव्हा बसा निवांत. मेणबत्ती जरा इकडे सरकवते. मघाशी तुम्ही हसत विचारलंत, तुमच्या घरात सगळ्यांनाच कुत्र्यांचं एवढं वेड कसं काय? त्याचं अर्धं उत्तर हसत देता येईल. उरलेलं अर्धं मी आजवर फक्त दोनच माणसांजवळ बोलले आहे, आमच्या ह्यांच्याजवळ आणि कोंडीबा तात्यांजवळ.

गोष्ट सुरू होते दळणापासून. मागच्या एप्रिलमध्ये, माझ्या आत्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मी गिरणीवर ज्वारीचं दळण आणायला गेले होते. पाहुणे गेले होते, घर एकदम रिकामं झालं होतं. आमची उत्कर्षा तेव्हा दहा महिन्यांची, तिला कडेवर घेऊन गेले. गिरणीवाल्याने सवयीने विचारलं, मावशींच्या कुत्र्यासाठी वेगळं जाड दळायचं ना? मी हो म्हणाले, आणि तिथेच पिठाच्या धुरळ्यात उभी राहून रडले.

ती माझी आत्या, केराबाई. आम्ही दक्षिण सोलापूरचे धनगर, मंद्रूपच्या अलीकडे माळावर आमची वस्ती. आत्याचा नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली आणि पुढची चाळीस वर्षं भावांच्या मेंढरांमागे हिंडली. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि मागेपुढे कुत्री. कुत्र्यांची नावं तिची तिने ठेवलेली. मोती, राजा असली नावं तिला चालायची नाहीत. तिच्याकडे मुकादम होता, तलाठी होता, सरपंच होता, कंडक्टर होता. वडील चिडवायचे, तर म्हणायची, आपल्यात माणसाला नोकरी लागंना, कुत्र्याला तरी लागू द्या की. एकदा खरा तलाठी पंचनाम्याला आला होता आणि आत्या शेडमागून ओरडली, तलाठ्या, कुणाची चप्पल पळवलीस रं? त्या बिचाऱ्याने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं होतं.

हे झालं हसण्याचं. आता दुसरं. मी सात महिन्यांची असताना माझी आई काविळीने सिव्हिलमध्ये होती. वाचेल की नाही अशी अवस्था. वडील तिच्यापाशी, आणि मला आत्याने बरोबर नेलं, मेंढरांबरोबर. मोडनिंबच्या पुढे एका शेतात तळ होता. बाभळीला माझी झोळी बांधलेली. पहाटे धुक्यात लांडगा आला. मेंढरांकडे गेला नाही, सरळ झोळीकडे आला. तळाच्या त्या कोपऱ्यावर कंडक्टर राखणीला होता. आत्या काठी घेऊन पोचेपर्यंत त्याने लांडग्याला झोळीपासून दहा पावलांवर धरून ठेवलं होतं. लांडगा गेला, पण कंडक्टरची मान फाटली होती. तिसऱ्या दिवशी तो मेला. आत्या दोन दिवस जेवली नाही.

माझ्या प्रत्येक वाढदिवसाला ती दोन लाडू करायची, एक मला आणि एक कुत्र्यांना. म्हणायची, "पूनम, तू जगलीस ती कंडक्टरच्या जिवावर. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. आमच्या घरात सगळ्यांनीच ठेवलं. माझ्या भावाचं टेंभुर्णीला हायवेवर हॉटेल आहे, तिथे गिऱ्हाइकाआधी कुत्र्यांच्या थाळ्या लागतात. वडील शेवटच्या दुखण्यात आमच्याबद्दल कमी आणि सरपंचाबद्दल जास्त विचारायचे. आणि मी, मला बघायला हे आले तेव्हा पोह्यांची बशी पुढे करून पहिला प्रश्न विचारला, कुत्रं चालेल का? हे भिडेखातर हो म्हणाले. लग्नानंतर पहिल्या भेटीत मुकादमाने नुसतं हुंगलं, तर खुर्चीवर चढून उभे राहिले. आता तेच रोज कारखान्यातून येताना बिस्किटाचा पुडा आणतात.

आता आत्याची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. संध्याकाळी मेंढरं वाघरीत घातली की, वाघर म्हणजे सुताच्या जाळीचं कुंपण, आत्या चार कोपऱ्यांवर चार भाकरी ठेवायची. हातात नाही द्यायची, जमिनीवर ठेवायची. जो कुत्रा ज्या कोपऱ्यावर खाईल, तो कोपरा उजाडेपर्यंत त्याचा. तो तिथून हलणार नाही, पाऊस येवो, लांडगा येवो. सकाळी उजाडलं की ती पुन्हा फिरायची आणि प्रत्येकाला भाकरीचा तुकडा हाताने द्यायची. आम्ही पोरं त्याला कुत्र्यांची न्याहारी म्हणायचो.

आणि एक गोष्ट ती सारखी बजावायची. ज्या कोपऱ्यावर कुत्रं नाही, तिथे भाकरी ठेवायची नाही. मला वाटायचं, अन्न वाया जाऊ नये म्हणून सांगते. मी शिक्षिका आहे, झेडपीच्या शाळेत पोरांना रोज हेच सांगते, ताटात टाकू नका. आत्याच्या बोलण्याचा मी तेवढाच अर्थ घेतला, आणि तिथेच चुकले.

शेवटचे सहा महिने ती आमच्याकडे होती. दम लागायचा, मेंढरं विकून झाली होती, कुत्र्यांतला एकटा म्हातारा मुकादम उरला होता. आमचं हे घर विजापूर रोडच्या शेवटाला, मागे नुसता माळ. आल्या दिवशीच तिने काठी टेकत घराभोवती फेरी मारली, गेटजवळच्या कोपऱ्यावर मुकादमाची भाकरी ठेवली आणि मागच्या खोलीत उत्कर्षाच्या झोळीजवळ येऊन बसली. त्या खोलीचं दार मागे माळावर उघडतं. बराच वेळ ती त्या दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मागचा कोपरा उघडा हाय, पोरी." मी म्हणाले, आत्या, हे घर आहे, भिंती आहेत, ग्रिल आहे. जायच्या आदल्या दिवशीही तेच म्हणाली, दम खात खात. मागचा कोपरा... उघडा हाय.

तर त्या दिवशी दळण घेऊन आले, भाकरी केल्या. दिवेलागणीला मुकादमाची भाकरी गेटपाशी ठेवली. हातात आणखी एक होती. मला आत्याचं ते बोलणं आठवलं आणि इतकं भरून आलं की मी घराला वळसा घालून मागे गेले, मागच्या दाराच्या कोपऱ्यावर, मातीत, ती भाकरी ठेवली. नुसती मायेने. तिच्या जिवाला बरं वाटेल म्हणून.

सकाळी भाकरी नव्हती.

भटकं कुत्रं असेल, असंच मलाही वाटलं. मातीत गोल खळगा पडला होता, कुत्रं अंग मुडपून बसतं तेवढा. मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली, पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी तसंच. कुत्रं मात्र कधी दिसलं नाही. भाकरीचा एक कणही पडलेला नसायचा, मुंगी लागलेली नसायची. खळगा रोज थोडा खोल व्हायचा. मी सकाळी मुकादमाला त्याचा तुकडा हाताने द्यायचे, चहा ठेवायचे, कामाला लागायचे.

आठवडाभराने वास यायला लागला. दिवेलागणीला मागच्या खोलीत गेलं की ओल्या लोकरीचा आणि शेणीच्या धुराचा वास. घोंगडं पावसात भिजून शेकोटीजवळ वाळत घातलं की येतो तो. आत्याचं घोंगडं आम्ही तिच्याबरोबरच दिलं होतं. एप्रिल संपत आला होता, आभाळात ढगाचं नाव नव्हतं.

मग मुकादम. तो रोज सांज झाली की आपला कोपरा सोडून मागे जायचा, खळग्यापासून चार-पाच हातांवर थांबायचा, मान खाली घालायचा. शेपूट हळूहळू हलवायचा. मग मुकाट्याने परत येऊन गेटपाशी बसायचा. तो पुढे कधी गेला नाही, भुंकलाही नाही. आणि उत्कर्षा मागच्या खोलीत झोळीत रडायला लागली की मी स्वयंपाकघरातून हात पुसत निघायच्या आत गप्प व्हायची. जाऊन बघावं तर जागी, शांत. पहिले काही दिवस मला कौतुक वाटलं. नंतर मी तिला स्वयंपाकघरात घेऊन बसायला लागले.

ह्यांना सांगितलं. हे टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, मोजून-मापून बघितल्याशिवाय काही मानत नाहीत. त्यांनी एका संध्याकाळी भाकरीभोवती रांगोळीचं मोठं गोल रिंगण घातलं, दोन हात रुंद. म्हणाले, जो येईल त्याचे पाय उमटतील. सकाळी आम्ही दोघं मागे गेलो. रांगोळी जशीच्या तशी होती, एक रेघ मोडली नव्हती. मधे भाकरी नव्हती. ह्यांनी बराच वेळ बघितलं, मग चप्पल घालून न सांगता कामावर निघून गेले. संध्याकाळी आले तेव्हा म्हणाले, उद्यापासून भाकरी बंद कर. मीही हो म्हणाले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. माझ्या मुलीच्या उशाशी मी कुणाला आणून बसवलं आहे, हेच मला कळत नव्हतं.

पण त्या संध्याकाळी हात थांबला नाही. शेवटची म्हणून ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते झालं.

मे लागला होता. सोलापूरची दुपार तुम्हाला सांगायला नको. बारा-साडेबाराला रस्त्यावर माणूस नसतो, पाखरू नसतं, आवाज म्हणून एक नसतो. सुट्टी होती, मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. उत्कर्षा झोपली होती, तिला झोळीत ठेवून मी कुरडया उलटायला वर गेले. पाच मिनिटांचं काम. मागच्या खोलीचं दार वाऱ्यासाठी उघडं ठेवलं होतं, जाळीचं दार नुसतं लोटलेलं.

वर असताना एकच आवाज झाला. टक्. कोरडा, बारीक. नंतर काही नाही. मला काय वाटलं माहीत नाही, मी हातातलं टाकून जिना उतरले.

जाळीचं दार वीतभर उघडं होतं. उंबऱ्याच्या आत, झोळीपासून दोन हातांवर, साप पडला होता. जाड, मातकट, अंगावर साखळीसारखे ठिपके. हलत नव्हता. उत्कर्षा झोपलेली, तिचा एक पाय झोळीबाहेर लोंबत होता. मी तिला उचललं आणि पुढच्या दाराने बाहेर येऊन भर उन्हात रस्त्यावर उभी राहिले. पायात चप्पल नव्हती, ते घरी परत आल्यावर फोड बघून कळलं.

शेजारच्यांनी सर्पमित्राला बोलावलं. घोणस होती, पाच फुटी. त्याने काठीने उलटीपालटी करून बघितली. डोक्यामागे मान जिथे सुरू होते तिथे कणा मोडला होता, एकाच जागी. म्हणाला, तुमच्या कुत्र्याने मारलेली दिसते, कुत्रं धरून झटकतं तेव्हा असाच कणा मोडतो. मग जरा घुटमळून म्हणाला, दात मात्र लागलेले दिसत नाहीत कुठे. मुकादम गेटपाशी सावलीत झोपला होता. त्याला आता दोन पायऱ्या चढता येत नव्हत्या, आणि पुढच्या चार दातांतला एकही उरला नव्हता.

त्या संध्याकाळी भाकरी ह्यांनी स्वतः नेऊन ठेवली. दोन ठेवल्या, वर तूप घालून. तिथे उभे राहून त्यांनी हात जोडले. मला आता भीती वाटत नव्हती. कोण आहे ते आम्हाला कळलं होतं. आत्याच्या कुत्र्यांतला झोळी राखणारा एकच होता. बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या झोळीपुढे उभा राहिलेला माझ्या मुलीच्या झोळीपुढे आला होता. मी रात्री अंथरुणावर पडून रडले, पण ते सुखाचं रडणं होतं. असं कुणी पाठीशी असणं फार थोड्यांच्या नशिबी असतं.

महिनाभर आम्ही असे मजेत होतो. मग कोंडीबा तात्या आले.

तात्या म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, माझे चुलते. मंद्रूपच्या बाजारातून आंबे घेऊन आले होते. दिवेलागणीला मी दोन भाकरी घेऊन निघाले तर सहज माझ्या मागे आले. मी मागच्या कोपऱ्यावर वाकले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. तिथे कुणाचं कुत्रं आहे, असं विचारलं. मी सगळं सांगितलं, आनंदाने सांगितलं. ऐकताना ते खाली बसले. खळग्यापासून लांब, भिंतीला टेकून.

"रिकाम्या कोपऱ्यावर भाकरी ठिवायची न्हाय, हे तुला सांगितलं न्हवतं व्हय?"

"सांगितलं होतं, तात्या. मला वाटलं..."

"जो खाईल त्यो राखल. पर खाणारा कोण, ते आपल्या हातात न्हाय पोरी." त्यांनी खळग्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आन् सकाळचा तुकडा? हाताचा?"

मी म्हणाले, न्याहारी? ती मुकादमाला देते रोज.

"ती न्याहारी न्हाय. ती सुट्टी हाय." तात्यांचा आवाज अगदी खाली गेला. "जमिनीवरची भाकरी खाल्ली की बांधला. हातानं दिली की सुटला. 'उठ, झाली तुजी राखण' म्हणायचं आन् हातानं द्यायची, मग त्यो उठतो. ह्याला किती दिस झाले?"

मी मनात मोजलं. एकेचाळीस दिवस.

"एकेचाळीस दिस त्यो उठला न्हाय," तात्या म्हणाले. "बसूनच हाय."

मी तिथे उभी होते आणि मला माझीच लाज वाटली. ज्याने माझं लेकरू वाचवलं, त्याला मी एकदाही ऊठ म्हटलं नव्हतं. रोज तूप घातलं होतं, हात जोडले होते, आणि सकाळी सुट्टी द्यायची ती पलीकडे मुकादमाला देऊन आत निघून आले होते. तात्या जाताना एवढंच म्हणाले, की सोडायचा तर सूर्य उगवताना, आणि हात पुढे करताना डोळे मिटून. त्यांनी बळजबरी केली नाही. तुझं लेकरू आहे, तू ठरव, म्हणाले.

आणि ठरवणं सोपं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, सोडून द्यायचं. पण मागे माळ आहे, पावसाळा तोंडावर आला होता, उत्कर्षा रांगत रांगत उंबऱ्यापर्यंत जात होती. हे, रांगोळी घालणारे हे, मला म्हणाले, राहू दे ना. काय बिघडतंय? आपण त्याला उपाशी थोडंच ठेवतोय? एक पावसाळा तरी जाऊ दे. मलाही तेच हवं होतं. आई झाल्यावर माणूस किती स्वार्थी होतं ते मला त्या चार दिवसांत कळलं. मी रोज मुकादमाला तुकडा द्यायचे आणि मागे जायचे नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत झाडत होते. गेटपाशी ह्यांनी मुकादमाला हाक मारून तुकडा दिला. त्याच वेळी भिंतीपलीकडे, मागच्या कोपऱ्यावर, काहीतरी हललं. कुणीतरी बसल्या जागेवरून अर्धवट उठावं, थांबावं... आणि मग पुन्हा खाली बसावं, असा आवाज. माती दबल्याचा. त्यानंतर एक सुस्कारा ऐकू आला. लांब, थकलेला.

मी केरसुणी हातात घेऊन किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. रोज सकाळी त्याला वाटत असणार, आज आपल्याला म्हणतील. आत्याच्या घरात राखण करून घेतली आणि सुट्टी दिली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. उपकार माझ्यावर होते, आणि ते वाढवत नेण्याचा मला काही हक्क नव्हता. राहिली उत्कर्षा, तर तिची राखण करायला मी होते. तिची आई होते. त्या दिवशी ह्यांनी मागच्या दाराला खालपर्यंत पट्टी मारून घेतली, जाळीला कडी लावली. मी त्यांना म्हणाले, उद्या सोडते. त्यांनी फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी एकच भाकरी केली, मालदांडी ज्वारीची, चांगली फुगलेली. पूर्वेला तांबडं फुटलं तेव्हा मागे गेले. माळ अगदी स्वच्छ दिसत होता, लांब विजापूर रोडवर एक ट्रक चालला होता. खळग्यात काही नव्हतं. पण मुकादम माझ्या मागून लंगडत आला आणि नेहमीच्या जागी, चार-पाच हातांवर, मान खाली घालून थांबला.

मी गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले आणि भाकरी तळहातावर धरून हात पुढे केला.

मनात पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. तुझ्यामुळे मी आहे, तुझ्यामुळे ही आहे, असं. तोंडातून नीट काही येईना. एवढंच म्हणाले, "कंडक्टर... उठ. झाली तुझी राखण. आत्या वाट बघत असेल."

आधी काहीच झालं नाही. मग लोकरीचा वास आला, इतका जवळ की माझ्या तोंडावर घोंगडं धरल्यासारखा. समोर माती हलली. कुणीतरी उठत होतं, हळूहळू, गुडघ्यांवर जोर देऊन, दम खात. कुत्रं चटकन उठतं. याला वेळ लागला. मला डोळे उघडावेसे वाटले, पण मी उघडले नाहीत. तळहातावरची भाकरी किंचित दाबली गेली, जड झाली, आणि मग ओढ न बसता हलकी झाली. वास विरत गेला. सूर्य वर आला ते मिटल्या पापण्यांवर ऊन लागलं तेव्हा कळलं.

डोळे उघडले. मुकादम माळाकडे बघत शेपूट हलवत होता. माझ्या हातावर अर्धी भाकरी होती.

कुत्र्याने तोडलेली भाकरी मी जन्मभर बघत आले आहे. तिची कड ओली असते, वेडीवाकडी, दातांनी कुरतडलेली. ही कोरडी होती, एका रेषेत गेलेली. वरच्या पापुद्र्यावर, पिठात, एक अंगठा दाबल्याचा ठसा होता. माझे दोन्ही अंगठे मी त्याच्यावर ठेवून बघितले. माझा नव्हता.

मी सुट्टी दिली ती कंडक्टरला, नाव घेऊन. शेहेचाळीस दिवस तिथे कोण बसलं होतं, ते मी विचारलंच नव्हतं. तात्यांनी फोनवर मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, कोण का असेना पोरी, जेवून गेलं. तुझ्या हातचं जेवून गेलं.

मी ती अर्धी भाकरी तिथेच मातीत बसून खाल्ली. खाताना लक्षात आलं, दोन भाग सारखे झाले नव्हते. मोठा माझ्या हातावर ठेवला होता.